न्यू मूर अर्थात दक्षिण तालपट्टी : एका सीमावर्ती बेटाविषयीच्या प्रचलित विधानांची तथ्यपरीक्षा

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय सीमा बहुधा डोंगररांगा, नद्या किंवा मानवनिर्मित खुणा यांच्या आधारे ठरविल्या जातात. यांपैकी नदी ही सीमा म्हणून सर्वांत सोयीची वाटते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत अविश्वसनीय ठरते. नदी पात्र बदलते, गाळ टाकते, जुनी भूमी कापून नेते आणि नवी निर्माण करते. अशी नवी भूमी नेमकी सीमेवर निर्माण झाली, तर ती कोणाची हा प्रश्न उभा राहतो. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर हरियाभंगा नदीच्या मुखाशी उदयास आलेले एक छोटे बेट हे याचे ठळक उदाहरण होय. भारतात ते 'न्यू मूर' किंवा 'पूर्वाशा' या नावांनी, तर बांगलादेशात 'दक्षिण तालपट्टी' या नावाने ओळखले जाते.

या बेटावर कधीही मनुष्यवस्ती नव्हती. तेथे गाव, शेती किंवा बंदर नव्हते. तरीही सुमारे चार दशके ते दोन राष्ट्रांतील वादाचा विषय राहिले, कारण त्याच्यामागे बंगालच्या उपसागरातील हजारो चौरस किलोमीटर समुद्राचा, तेथील मासेमारीचा आणि संभाव्य खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या साठ्यांचा प्रश्न होता. या काळात बेटाविषयी अनेक विधाने वृत्तपत्रांतून, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून आणि राजकीय भाषणांतून रूढ झाली. ती वारंवार उद्धृत झाल्यामुळे त्यांना तथ्याचे स्वरूप प्राप्त झाले. प्रस्तुत लेखात अशा पाच विधानांची साधनचिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ही विधाने केवळ खरी की खोटी एवढेच ठरविणे हा या लेखाचा उद्देश नाही. प्रत्येक विधान कोणत्या साधनावर उभे आहे आणि ते साधन कोणत्या काळाची साक्ष देते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या गाळातून घडलेल्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण भागात सुंदरबनचे खारफुटीचे अरण्य पसरलेले आहे. या अरण्यातून इच्छामती, कालिंदी, रायमंगल आणि हरियाभंगा या नद्यांच्या प्रवाहांनी भारत व बांगलादेश यांची सीमा समुद्रापर्यंत जाते. फाळणीच्या वेळी ही सीमा चोवीस परगणा आणि खुलना या दोन जिल्ह्यांमधील होती. पुढे चोवीस परगणा जिल्ह्याचे १९८६ मध्ये उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले. आज सीमेचा हा शेवटचा भाग दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात येतो.

न्यू मूर हे बेट हरियाभंगाच्या मुखापासून सुमारे २ किलोमीटर अंतरावर समुद्रात होते. त्याच्या पूर्वेस रायमंगलच्या बाजूने आणि पश्चिमेस हरियाभंगाच्या बाजूने असे दोन जलमार्ग होते. मुख्य प्रवाह बेटाच्या पूर्वेकडून वाहतो, म्हणून बेट आपले, अशी भारताची भूमिका होती. मुख्य प्रवाह पश्चिमेकडून वाहतो, म्हणून बेट आपले, असे बांगलादेशाचे म्हणणे होते. अर्थात वाद वरकरणी बेटाचा असला, तरी मुळात तो प्रवाहाचा होता.

विधान पहिले : 'हे बेट १९७० च्या चक्रीवादळाने निर्माण केले'

नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला येथील भीषण चक्रीवादळ आदळले. आधुनिक इतिहासातील सर्वाधिक प्राणहानी करणाऱ्या वादळांत त्याची गणना होते. न्यू मूर बेट याच वादळानंतर प्रकट झाले असे बहुतेक सर्व ग्रंथांत नमूद केलेले आढळते. या विधानाचा आधार तपासला असता असे दिसते की, बेटाच्या अस्तित्वाचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा पुरावा म्हणजे १९७४ मधील अमेरिकी उपग्रहाने टिपलेले चित्र. भूपृष्ठाची पद्धतशीर चित्रे घेणारा पहिला अमेरिकी उपग्रह जुलै १९७२ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. म्हणजे वादळाच्या आधीची आणि लगेच नंतरची अशी उपग्रहचित्रांची तुलना या मालिकेतून शक्यच नाही.

याचा अर्थ वादळाचा आणि बेटाचा संबंध नाही असा नव्हे. वादळी लाटांनी गाळ एकत्र येऊन उथळ दांडा उंचावणे ही प्रक्रिया या मुखप्रदेशात स्वाभाविक आहे. मात्र '१९७४ मध्ये बेट अस्तित्वात होते' हे निरीक्षण आहे आणि '१९७० च्या वादळाने ते निर्माण केले' हे अनुमान आहे. इतिहासलेखनात निरीक्षण आणि अनुमान यांना एकाच पंक्तीत बसविता येत नाही. शिवाय असे दांडे एका दिवसात जन्मत नाहीत; पाण्याखाली वर्षानुवर्षे साचणारा गाळ कधीतरी ओहोटीच्या रेषेवर डोके काढतो. त्यामुळे बेटाला एकच जन्मतारीख देणे हीच मुळात प्रशासकीय कागदपत्रांची सवय आहे, निसर्गाची नव्हे.

विधान दुसरे : बेटाचे क्षेत्रफळ आणि उंची

बेटाच्या आकाराविषयी प्रचलित असलेले आकडे परस्परविसंगत आहेत. १९७४ च्या उपग्रहचित्रावरून त्याचे क्षेत्रफळ २,५०० चौरस मीटर असल्याचे सांगितले जाते. नंतरच्या दूरसंवेदन पाहण्यांमध्ये ओहोटीच्या वेळी ते सुमारे १०,००० चौरस मीटरपर्यंत वाढल्याचे नमूद होते. दुसरीकडे, २०१० मधील वृत्तांत बेट सुमारे ३.५ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद होते असे छापले गेले.

या आकड्यांचे साधे गणित मांडले तर तफावत लक्षात येते. १०,००० चौरस मीटर म्हणजे केवळ १ हेक्टर, अर्थात सुमारे अडीच एकर. याउलट ३.५ गुणिले ३ किलोमीटर म्हणजे जास्तीत जास्त १०.५ चौरस किलोमीटर. दोहोंत सुमारे एक हजार पटींचा फरक आहे. अनेक लेखांत हे दोन्ही आकडे काही ओळींच्या अंतराने दिलेले असतात आणि विसंगतीची दखलही घेतलेली नसते. पाण्यावर कायम राहणारा भाग, ओहोटीला उघडा पडणारा भाग आणि पाण्याखालील उथळ दांडे यांपैकी कशाचे मोजमाप केले, यावर असा फरक बऱ्याच अंशी अवलंबून असू शकतो. एककाच्या चुकीची शक्यताही नाकारता येत नाही. म्हणून मोजणीचे वर्ष, भरती-ओहोटीची स्थिती आणि मोजलेला भाग यांची नोंद नसलेला कोणताही आकडा तथ्य म्हणून उद्धृत करणे योग्य नाही.

हीच गोष्ट उंचीची. बेटाची उंची कधीही २ मीटरपेक्षा अधिक नव्हती असे सांगितले जाते. परंतु ही उंची कोणत्या पातळीपासून मोजली? सुंदरबनच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतच काही मीटरांचे अंतर असते. सरासरी समुद्रपातळीपासून २ मीटर आणि ओहोटीच्या पातळीपासून २ मीटर यांत एका बेटाच्या असण्या-नसण्याचा फरक आहे.

हा फरक केवळ शास्त्रीय नाही, तो कायदेशीरही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या कराराच्या १२१ व्या अनुच्छेदानुसार, भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी, नैसर्गिकरीत्या निर्माण झालेली भूमी म्हणजे बेट होय. केवळ ओहोटीला उघडी पडणारी भूमी १३ व्या अनुच्छेदात वेगळी धरली आहे आणि तिचे अधिकार अत्यंत मर्यादित आहेत. इतकेच नव्हे, तर जो खडक मानवी वस्तीला किंवा स्वतंत्र आर्थिक जीवनाला आधार देऊ शकत नाही, त्याला स्वतःचे अनन्य आर्थिक क्षेत्र मिळत नाही. भारताने १९९५ मध्ये आणि बांगलादेशाने २००१ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्यामुळे 'भरतीच्या वेळी ते दिसत होते का?' हा या संपूर्ण वादातील एक कळीचा तथ्यात्मक प्रश्न ठरला. दुर्दैवाने लोकप्रिय लेखनात हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला गेला.

विधान तिसरे : 'ध्वज फडकविल्याने मालकी सिद्ध झाली'

मे १९८१ मध्ये भारताने नौदलाचे 'संधायक' हे सर्वेक्षण जहाज या भागात पाठविले. बेटावर भारतीय ध्वज फडकविला गेला. बांगलादेशाने आपल्या गस्तीनौका धाडल्या आणि निषेध नोंदविला. दोन्ही देशांत या घटनेने लोकभावना तीव्र झाल्या. त्यानंतर भारतात 'बेट आपल्या ताब्यात आले' आणि बांगलादेशात 'बेट बळकावले गेले' अशी दोन परस्परविरोधी कथने रूढ झाली.

घटना घडली हे खरे. परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बेट कितीही लहान असले तरी त्यावर राष्ट्राला स्वामित्व मिळविता येते. मात्र केवळ ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भूमीवर असे स्वामित्व मिळविता येत नाही. ती ज्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात असेल, त्या देशाची ती आपोआप ठरते. निकाराग्वा आणि कोलंबिया यांच्यातील वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१२ मध्ये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. म्हणजे न्यू मूर बेट भरतीला बुडत असेल, तर ध्वजाने काहीच सिद्ध होत नाही. आणि ते बुडत नसेल, तरी प्रथम सीमारेषा कोठून जाते हे पाहावे लागते. दोन्ही बाबतींत प्रश्न पुन्हा १९४७ च्या रेषेपाशी येऊन थांबतो.

विधान चौथे : 'रॅडक्लिफ रेषेत या भागाविषयी काहीच नाही'

सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले आणि बंगाल सीमा आयोगाचा निवाडा त्यांनी १२ ऑगस्ट रोजी सादर केला. तो १७ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. जे बेट तेव्हा अस्तित्वातच नव्हते, त्याचा उल्लेख निवाड्यात असणे शक्य नव्हते. यावरून या भागाची सीमा अनिर्णित होती असा समज पसरला. तो चुकीचा आहे.

निवाड्याच्या 'अ' परिशिष्टात सीमेचे शब्दांत वर्णन आहे. त्यानुसार रेषा खुलना आणि चोवीस परगणा या जिल्ह्यांच्या सीमेने दक्षिणेकडे, ती सीमा बंगालच्या उपसागराला मिळते तेथपर्यंत जाते. 'ब' परिशिष्टात नकाशा आहे. दोहोंत विसंगती आढळल्यास 'अ' परिशिष्टातील वर्णन ग्राह्य धरावे असेही निवाड्यात म्हटले आहे. आता जिल्ह्यांची ही सीमा कोणती? त्यासाठी २४ जानेवारी १९२५ च्या बंगाल सरकारच्या अधिसूचनेकडे जावे लागते. तीत ही सीमा इच्छामती, कालिंदी, रायमंगल व हरिभंगा या नद्यांच्या 'त्या त्या वेळच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून' समुद्रापर्यंत जाते असे सांगितले आहे. एका जिल्ह्याच्या महसुली सोयीसाठी लिहिलेले हे वाक्य नव्वद वर्षांनंतर दोन सार्वभौम राष्ट्रांच्या सागरी सीमेचा आधार बनेल, याची कल्पना ते लिहिणाऱ्याला असणे शक्य नव्हते.

'त्या त्या वेळच्या' या शब्दांचे दोन अर्थ संभवतात. प्रवाह सरकला की सीमाही सरकते, हा एक अर्थ. आणि सीमा आंतरराष्ट्रीय झाली त्या क्षणीच्या प्रवाहावर ती कायमची स्थिर झाली, हा दुसरा. असाच प्रश्न यापूर्वी गंगेच्या पात्राबाबत उपस्थित झाला होता. भारत व पाकिस्तान यांनी नेमलेल्या, स्वीडनचे न्यायमूर्ती अल्गोट बॅगे यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाने १९५० मध्ये राजशाही-मुर्शिदाबाद भागात रॅडक्लिफ निवाड्याच्या वेळची स्थिती हा सीमेचा आधार मानला होता. न्यू मूरच्या संदर्भातही शेवटी १९४७ ची स्थितीच निर्णायक ठरली. याचा परिणाम महत्त्वाचा आहे : मुख्य प्रवाह १९८१ मध्ये किंवा २००९ मध्ये बेटाच्या कोणत्या बाजूने वाहत होता, हा ज्यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षे वाद झडला तो प्रश्नच निकालाच्या दृष्टीने गौण ठरला.

विधान पाचवे : 'समुद्राने वाद मिटविला'

मार्च २०१० मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील सागरविज्ञान विभागाचे प्राध्यापक सुगत हाजरा यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे बेट पाण्याखाली गेल्याचे जाहीर केले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी एकाच आशयाने छापली : मुत्सद्द्यांना जे जमले नाही, ते जागतिक तापमानवाढीने केले. या मथळ्यात दोन स्वतंत्र विधाने आहेत आणि दोन्ही तपासण्याजोगी आहेत.

पहिले, बेट तापमानवाढीमुळे बुडाले. हाजरा यांनीच दिलेल्या माहितीनुसार या भागातील समुद्रपातळी २००० पर्यंत दरवर्षी सुमारे ३ मिलिमीटर आणि त्यानंतरच्या दशकात सुमारे ५ मिलिमीटर वाढत होती. या दराने १९७४ ते २०१० या काळातील एकूण वाढ सुमारे १३ सेंटिमीटर होते. बेटाची उंची २ मीटरच्या आसपास असेल, तर केवळ एवढ्या वाढीने ते बुडणार नाही. मुखप्रदेशातील प्रवाहांनी होणारी धूप, गाळाच्या पुरवठ्यातील बदल, भूमीचे खचणे आणि २००७ चे 'सिद्र' व २००९ चे 'आयला' यांसारखी चक्रीवादळे यांचाही विचार करावा लागतो. समुद्रपातळीची वाढ हे एक खरे आणि गंभीर कारण आहे. ते एकमेव कारण म्हणून मांडणे हा अतिरेक होय. याच संदर्भात हुगळीच्या मुखातील लोहाचरा या बेटाची न्यू मूरशी गल्लत केली जाते. लोहाचरावर माणसे राहत होती, त्यांना घरदार सोडावे लागले. परंतु ते बेट सीमेवर नव्हते. एकाचे दुःख दुसऱ्याच्या नावे लिहिणे हा दोघांवरही अन्याय आहे.

दुसरे, वाद मिटला. वस्तुतः बांगलादेशाने ऑक्टोबर २००९ मध्येच समुद्रविषयक कायद्याच्या कराराखाली लवादाची प्रक्रिया सुरू केली होती. बेट बुडाल्याच्या बातमीनंतर हा वाद आणखी चार वर्षे चालला. रुडिगर वोल्फ्रुम यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष पाहणी केली, डिसेंबरमध्ये हेग येथे सुनावणी घेतली आणि ७ जुलै २०१४ रोजी निवाडा दिला. भारताने नियुक्त केलेले सदस्य पी. श्रीनिवास राव यांनी काही मुद्द्यांवर भिन्न मत नोंदविले. न्यायाधिकरणाने भूसीमेचा शेवट उत्तर अक्षांश २१ अंश ३८ मिनिटे ४०.२ सेकंद आणि पूर्व रेखांश ८९ अंश ९ मिनिटे २० सेकंद येथे निश्चित केला. न्यू मूरवर सागरी सीमेचा आधारबिंदू धरावा ही भारताची मागणी मान्य झाली नाही. मात्र आखलेल्या रेषेनुसार बेटाची जागा भारताच्या बाजूस राहिली. म्हणजे बेट ज्याच्यासाठी महत्त्वाचे मानले गेले होते, ते प्रयोजन संपले. आणि उरलेली पाण्याखालची जागा भारताकडे आली.

निवाड्यानंतर 'कोण जिंकले?' या प्रश्नाची दोन उत्तरे प्रसिद्ध झाली. वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ७६ टक्के क्षेत्र बांगलादेशास मिळाले, असे त्या देशाने जाहीर केले. परंतु निवाड्यात विचारात घेतलेल्या ४,०६,८३३ चौरस किलोमीटर संबंधित क्षेत्रापैकी ३,००,२२० चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ७४ टक्के क्षेत्र भारताकडे आणि १,०६,६१३ चौरस किलोमीटर बांगलादेशाकडे गेले. दोन्ही टक्केवारी अचूक आहेत. केवळ त्यांचा छेद वेगळा आहे. 'वादग्रस्त क्षेत्र' हे दोन्ही पक्षांच्या मागण्यांमधील अंतर असते. जो अधिक मागतो, त्याचे अधिक गेल्यासारखे दिसते. तेव्हा कोणत्या क्षेत्राची टक्केवारी हे न सांगता जय-पराजय घोषित करणे म्हणजे खऱ्या आकड्यांतून खोटा अर्थ काढणे होय.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. न्यू मूरविषयीची बहुतेक प्रचलित विधाने निखालस खोटी नाहीत. ती त्यांच्या काळापासून, मोजमापापासून किंवा संदर्भापासून तोडलेली आहेत. बेट होते की नव्हते याचे उत्तर वर्ष आणि भरतीची वेळ सांगितल्याशिवाय देता येत नाही. प्रवाह कोठे होता याचे उत्तर कोणत्या वर्षीचा प्रवाह हे विचारल्याशिवाय देता येत नाही. सीमावर्ती नदीबेटाच्या बाबतीत तारीख हा तथ्याचा अविभाज्य भाग असतो.

दुसरी गोष्ट अधिक व्यापक आहे. या वादात ध्वज, गस्तीनौका आणि मथळे यांनी लोकभावना घडविली. परंतु निर्णय १९२५ ची एक अधिसूचना, १९४७ चा एक निवाडा व त्याचा नकाशा यांच्या वाचनातून आला. चार दशके दोन्ही देशांतील नागरिकांना जे सांगितले गेले, त्यात या कागदांचा उल्लेख क्वचितच होता. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात चर आणि दांडे आजही निर्माण होत आहेत व नाहीसे होत आहेत. उद्या सीमेवर असेच एखादे बेट वर आले, तर त्याच्याविषयी पहिले विधान करणाऱ्याने मोजणीची तारीख, भरतीची पातळी आणि मूळ दस्तऐवज या तीन गोष्टी सोबत नोंदवाव्यात. अभ्यासक आणि शिक्षक यांनी वर्गात आकडा सांगण्यापूर्वी त्याची साक्ष विचारावी, एवढी अपेक्षा या छोट्या, आता पाण्याखाली असलेल्या बेटाच्या इतिहासातून निश्चितच व्यक्त करता येते.